आठ घरांचा फरक

बार्शीच्या पेशंटचा डबा माझ्या टेबलावर आला तेव्हा शेजारच्या खोलीत झेंडूच्या माळा ओवणं चाललं होतं. खंडेनवमी होती. आमच्या पुण्याच्या ऑफिसात एरवी देवाचं नाव निघत नाही, पण त्या दिवशी ऑसिलोस्कोपला हळदकुंकू वाहिल्याशिवाय कोणी पेढ्याला हात लावत नाही. बाकी सगळे ठेवणीतले कपडे घालून मिरवत होते आणि मी कालच्याच कुर्त्यात डबा उघडून बसले होते. माझं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं.

डबा म्हणजे जोडपंपाचा कंट्रोलर. ज्यांचं हृदय थकलंय त्यांच्या छातीत आम्ही लिंबाएवढा पंप बसवतो. त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या डब्याला जोडलेली असते. पंपाला स्वतःची अक्कल नाही. कधी किती वेगाने फिरायचं ते डब्यातला प्रोग्रॅम सांगतो. पेशंटला असे दोन डबे मिळतात, एक कमरेला आणि एक पिशवीत. कमरेच्या डब्यावर तांबडा दिवा लागला तर वायर काढून पिशवीतल्याला लावायची. वायर निघाली की जुना डबा बॅटरी वाचवायला आपला आपण बंद होतो.

बार्शीच्या गृहस्थांनी तेवढंच केलं होतं. एसटीत डबा कशावर तरी आपटला, तांबडा दिवा लागला, त्यांनी डबा बदलला आणि ते सीटवरच आडवे झाले. त्यांच्या मुलीने वायर पुन्हा जुन्या डब्याला लावून पाहिली. तोही सुरू झाला नाही. दवाखाना जवळ होता म्हणून त्यांना बाहेरच्या मशीनवर घेता आलं. जीव होता, शुद्ध नव्हती.

"एखादा पीस खराब निघतो, प्रांजल," आमचे प्रमुख केळुसकर सर दारातूनच म्हणाले. अंगात रेशमी झब्बा, हातात पेढ्याचा बॉक्स.

"एक नाही सर, दोन. दोन्ही डबे एकदम कसे खराब निघतील?"

सरांना राग येत नाही, वाईट वाटतं. ते जास्त महाग पडतं. त्यांनी बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांना वाईट वाटणं साहजिक होतं. पूर्वी असा पंप बड्या लोकांनाच परवडायचा. खर्च पंपाचा नव्हताच, प्रोग्रॅमच्या चाचण्यांचा होता. माणसाच्या छातीशी खेळणारा प्रोग्रॅम चुकता कामा नये, म्हणून तो वर्षानुवर्षं तपासायचा, आणि एक ओळ बदलली की पुन्हा पहिल्यापासून. सरांनी तो घोळच संपवला. त्यांनी 'सिद्धक' नावाचा कंपायलर तयार केला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. सिद्धक नुसता उतरवत नाही. उतरवलेलं मुळाबरहुकूम आहे याची गणिती सिद्धता सोबत देतो, आणि जाता जाता फालतू ओळी काढून प्रोग्रॅम चपळ करतो. सिद्धता असली की चाचण्या हव्यातच कशाला, हे परवानगी देणाऱ्यांनाही पटलं. पंपाची किंमत धाडकन उतरली. तालुक्याच्या गावीसुद्धा कमरेला डबा लावलेली माणसं दिसायला लागली.

त्यांतलेच एक माझे वडील. आण्णांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगचं वर्कशॉप आहे. ते पंपाला तयार नव्हते. "त्यातला प्रोग्रॅम मी लिहिलाय, माझ्यावर तरी विश्वास ठेवा," असं म्हणून मी त्यांना गळ घातली होती.

डब्यातल्या नोंदी मी सरांसमोर स्क्रीनवर लावल्या. प्रोग्रॅम सुरू झाला, पडला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा पडला. बॅटरी असेपर्यंत तेच. आणि प्रत्येक वेळी चिपला दिलेल्या एकाच हुकमावर.

"हा सोळा घरांचा हुकूम आहे," मी म्हणाले. सर पुढे वाकले.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. प्रोग्रॅम म्हणजे फंक्शन नावाचे कामाचे तुकडे. ते एकमेकांना बोलावत असतात. प्रत्येकाला कच्च्या कामासाठी मेमरीत थोडी जागा लागते, आणि त्या जागा एकाला एक लागून रचल्या जातात. त्या चळतीला स्टॅक म्हणतात. मेमरीत सोळा-सोळा घरांच्या रांगा आहेत असं समजा. चिपचे काही जलद हुकूम सोळा घरं एकदम उचलतात, पण रांग जिथे सुरू होते तिथूनच. मधूनच उचल म्हटलं की चिप काम टाकून उभी राहते. म्हणून कंपायलरला स्टॅक कायम रांगेला लावून ठेवावा लागतो.

त्यात एक गोम आहे. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं तेव्हा परतीचा पत्ता आधी स्टॅकवर ठेवतं, आणि तो पत्ता आठ घरं अडवतो. त्यामुळे प्रत्येक फंक्शन असं धरूनच चालतं की मला कोणीतरी बोलावलंय, आठ घरं भरलेली आहेत, आणखी आठ सरकलं की रांग जुळली. सगळ्यात पहिल्या फंक्शनला मात्र कोणी बोलावलेलं नसतं. बॅटरी लागते आणि चिप थेट तिथे उडी मारते. परतीचा पत्ता नसतो, कारण परत जायला जागाच नसते. म्हणून प्रोग्रॅमच्या दारात हाताने लिहिलेल्या दोन-तीन ओळी ठेवतात. त्या स्टॅक नीट लावून मग पुढच्याला रीतसर बोलावतात.

आमच्याही दारात त्या होत्या. गेल्या आठवड्यात सगळ्या पेशंटना पाठवलेल्या नव्या आवृत्तीत मी शोधल्या तर त्या गायब होत्या. सिद्धकाने पहिल्या फंक्शनलाही इतरांच्या माळेत बसवलं, रांग आपोआप जुळतेच आहे असा हिशेब केला आणि त्या ओळी फालतू म्हणून पुसून टाकल्या.

"म्हणजे दारापासूनच सगळं आठ घरं सरकलंय," मी म्हणाले. "पहिला जलद हुकूम आला की प्रोग्रॅम कोसळणार. एका डब्यात नाही सर, सगळ्या डब्यांत."

"तू सिद्धतेवर शंका घेतेस?"

"सिद्धतेवर नाही. ती सुरू जिथून होते त्यावर. प्रत्येक फंक्शनला कोणीतरी बोलावलेलं असतं, हे आपण धरून चाललो."

"मग आत्तापर्यंत हजारो डबे चालताहेत ते कसे?"

"ते बंदच पडलेले नाहीत म्हणून. नवी आवृत्ती आपण चालत्या डब्यात चालता चालताच सरकवतो. पिशवीतल्या डब्यात ती नुसती जाऊन बसते, पंप जोडेपर्यंत सुरू होत नाही. दाराकडे कोण फिरकतंय?"

सर मान हलवत होते. त्यांनी बोट दाखवलं काचेपलीकडच्या लॅबकडे. "आणि तो?"

तो म्हणजे आमचा चाचणीचा पंप. मिठाच्या पाण्याच्या टाकीत सहा वर्षं सतत फिरणारा. नवरात्रातला अखंड दिवा विझू देत नाहीत तसा आमच्याकडे हा पंप थांबू देत नाहीत. लाइट गेली तर त्याला तीन तीन बॅकअप. साफसफाईवाल्या बाईसुद्धा त्याच्या टेबलाजवळून अंग चोरून जातात. पाहुण्यांना आम्ही तो अभिमानाने दाखवतो. आणि त्या अभिमानापायी सहा वर्षांत कोणी एकदाही तो बंद करून पुन्हा सुरू करून पाहिला नव्हता. अगदी पहिल्यांदा सुरू केला तोही सर्व्हिसच्या मेनूतून. तिथे सिद्धकातून न गेलेला माझा सर्व्हिस प्रोग्रॅम मुख्य प्रोग्रॅमला रीतसर बोलावतो. पत्ता स्टॅकवर जातो, आठ घरं भरतात, सगळं छान जुळतं.

मी उठले आणि लॅबमध्ये गेले. पंपाला कोणीतरी नुकताच हार घातला होता.

"प्रांजल, हात लावू नकोस," सर मागून म्हणाले. "सहा वर्षं आहेत ती."

मी लाइटच्या आणि बॅकअपच्या वायरी उपटल्या, दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि पुन्हा घातल्या.

टाकीतलं पाणी स्थिर झालं. डब्यावरचा दिवा लुकलुकला, विझला, लुकलुकला, विझला. माळा ओवणारे दारात येऊन उभे राहिले. मी पुन्हा बॅटऱ्या काढल्या. मागचं रबरी झाकण उचकटून आतलं सर्व्हिसचं बटण दाबून धरलं, तसंच धरून बॅटऱ्या घातल्या आणि मेनूतून 'पंप चालवा' निवडलं. पंप फिरायला लागला. टाकीत पुन्हा भोवरा दिसला.

सरांचा चेहरा पांढरा पडला होता, पण माणूस वेळ दवडणाऱ्यातला नाही. "सगळ्या पेशंटना इशारा पाठवतो," म्हणत त्यांनी मोबाइल काढला.

"थांबा! त्या ठरलेल्या इशाऱ्यात काय लिहिलंय माहितीये ना? 'शंका आल्यास राखीव डबा जोडा.' तेच केलं की मरतील माणसं."

"मग नवा मजकूर दे. बटणाचं काय नि कसं, ते तुलाच माहिती आहे. मंजुरी मी देतो, लगेच पाठवू." ते जरा सावरले. "तशी इतकी घाई नाही म्हणा. तांबडा दिवा लागल्याशिवाय आपण होऊन डबा कोण बदलतंय?"

माझं लक्ष पंपाच्या हाराकडे गेलं. त्यावरच्या हळदकुंकवाकडे गेलं. आणि एकदम आण्णा आठवले.

खंडेनवमीला उद्यमनगरात सगळी मशिनं बंद असतात. पुसून, तेल लावून, गंधफूल वाहून त्यांना दिवसभर विश्रांती देतात. आण्णांनी गेल्या वर्षी त्यात आपला डबाही धरला होता. पिशवीतला डबा कमरेला लावला, कमरेचा काढून पाटावर ठेवला, कुंकू लावलं आणि फोटो काढून मला पाठवला. 'माझं पन मशीन,' असं खाली लिहिलं होतं. मला तेव्हा हसू आलं होतं. जुन्या आवृत्तीत त्यात धोका काहीच नव्हता.

"मजकूर, प्रांजल," सर म्हणाले.

"एक मिनिट. आण्णांना लावते."

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही. "तू सांग, मी टाइप करतो," सर म्हणाले, पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. तिसरा फोन उचलला गेला तो इम्रानभाईंनी. इम्रान मुल्लाणी आण्णांकडे वीस वर्षं लेथवर आहेत. मागे बारीक, कर्कश शिट्टी वाजत होती. तो आवाज मी ओळखते. पंप थांबला की डबा तसा ओरडतो.

"ताई, मालक पडल्यात! आत्ता तर बोलत हुते. वायर बदलली आन् बसल्या जागी कलंडले!"

"व्हिडिओ लावा. आधी त्यांना आडवं झोपवा."

स्क्रीनवर पाट दिसला, नारळ दिसला, मग आण्णांचा राखाडी चेहरा दिसला.

"नाडी लागंना वो ताई! नाडीच न्हाई!"

"इम्रानभाई, नाडी त्यांना दोन वर्षं नाहीच. पंप ठोके देत नाही, नुसता फिरतो. नाडी सोडा. डबा हातात घ्या. बॅटऱ्या काढा, दोन्ही."

"काढल्या."

"मागं रबराचं काळं झाकण आहे. उचला."

"निगंना. हात तेलकट हाईत."

"स्क्रू ड्रायव्हर घाला. फुटलं तरी फुटू दे!"

फोन कुठेतरी टेकवून ठेवला गेला. आता मला फक्त पत्र्याचं छत दिसत होतं आणि इम्रानभाईंचा श्वास ऐकू येत होता. मी इकडे ओरडत होते, दाबून धरा, सोडू नका, धरूनच बॅटऱ्या घाला. अर्धं ऑफिस माझ्याभोवती उभं होतं आणि सर माझ्या खांद्याशी हातात मोबाइल धरून थांबले होते.

"कायतरी लिवून आलंय ताई. सर्व्हिस म्हून."

"बाण दाबत खाली या. 'पंप चालवा' दिसतंय?"

"दिसतंय."

"दाबा! आता छातीला कान लावा. काय ऐकू येतंय?"

काहीच नाही. मग पुन्हा काहीच नाही. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी मी कोल्हापुरातल्या एकूण एक देवाला हाक मारली.

"घुमतंय!" इम्रानभाई ओरडले. "ताई, घुमतंय आत! आलं!"

मी फोन छातीशी धरून रडले. त्याची मला लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. मग डोळे पुसून सरांना मजकूर सांगितला. डबा बदलू नका, बदललाच असेल तर बटण असं दाबा. सरांनी तो तिथल्या तिथे पाठवला.

आण्णा शुद्धीवर आले ते कुरकुरतच. डॉक्टर वाटेत होते. मी थोडक्यात काय झालं ते सांगितलं आणि दोन्ही डब्यांना पुन्हा हात लावायचा नाही अशी तंबी दिली. ते पडल्या पडल्या ऐकत होते. मग एकदम उठून बसायला लागले.

"आगं, पर ग्रुपवरची मानसं?"

"कुठला ग्रुप?"

"आमचा. पंपवाल्यांचा. गेल्या साली मी फोटू टाकला, तवापास्नं बाकीची बी डबा पुजत्यात. आज सकाळी मीच लिवलंय, विसरू नगा म्हून."

हे मला ठाऊकच नव्हतं. आम्ही सिद्धता लिहिल्या, पण पेशंट डब्याचं घरी काय करतात हे आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही.

"मेसेज गेलाय सगळ्यांना, आण्णा."

"कंपनीचा मेसेज कोन वाचतंय? माझा आवाज वळखत्यात ती." त्यांनी इम्रानभाईंच्या हातातून फोन घेतला आणि ग्रुपवर पाठवायला आवाज रेकॉर्ड करत, धापा टाकत बोलले, "मंडळी, मी विलास लोहार. आज डब्याला हात लावू नगा. मी आत्ता मरता मरता वाचलोय. ऐकलं असंल त्यानं बोला."

मी लाइनवरच होते. उत्तरं यायला लागली. जयसिंगपूर, मिरज, कागल. कोणी पूजा मांडून बसलं होतं आणि हात मागे घेतला होता. सांगलीच्या एका बाईंनी बटण दाबून नवऱ्याला परत आणलं होतं. आण्णा एकेक नाव घेत होते. मग थांबले.

"शिंत्र्याचं उत्तर न्हाई."

शिंत्रे गडहिंग्लजचे, पिठाच्या गिरणीचे मालक. ऑपरेशननंतर दोघं एकाच वॉर्डात होते. रोज सकाळी फोनवर एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय दोघांचाही चहा व्हायचा नाही. आण्णांनी इम्रानभाईंच्या फोनवरून त्यांना लावला. फोन त्यांच्या बायकोने उचलला. त्यांचा आवाज मला लांबून, पण स्पष्ट ऐकू येत होता.

"मेसेज आला वो भावजी. त्यात लिवल्यावानी बटन दाबलं. पंप चालू बी झाला. अजून चालूच हाय. पर हे पडल्याला पाच-सात मिनटं झाली हुती. हे उठंनात. शेजारच्या डाक्टरनं बी बघून न्हाई म्हून सांगितलं."

आण्णांनी काहीतरी बोलून फोन ठेवला. बराच वेळ ते स्क्रीनवर नव्हते. आले तेव्हा डोळे लाल होते.

"मीच शिकवली त्याला पूजा," ते म्हणाले.

"पूजेने नाही गेले ते आण्णा. आमच्या प्रोग्रॅमने गेले."

"पर मेसेज पाच मिनटं आदी का न्हाई आला गं?"

सर माझ्या शेजारीच होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मंजुरीला वेळ लागला म्हण. कधीकधी लागतोच." चांगल्या मनाने म्हणाले. मला वाचवायला म्हणाले. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"मी तुमच्या फोनवर होते," मी म्हणाले. "बटणाची माहिती माझ्याकडेच होती. सर मागत होते. मी आधी तुम्हाला फोन लावला."

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. लहानपणी मी परीक्षेत नापास झाले तेव्हाही त्यांनी असं बघितलं नव्हतं.

"म्हंजे त्यो माझ्यापायी गेला."

"नाही. माझ्यापायी. आणि खरं सांगू? पुन्हा तशीच वेळ आली तरी मी आधी तुम्हालाच लावीन. मला ते बदलता येणार नाही. म्हणून मला फार भीती वाटतेय, आण्णा."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. कपाळाला लागलेलं कुंकू गालभर पसरलं. "लेक हायस," ते म्हणाले. मग म्हणाले, "आता वहिनीस्नी मी काय सांगू? त्या इचारनारच. वॉर्डात माझ्या बी तोंडात घास घातलाय त्या बाईनं."

"तुम्ही काही सांगू नका. नंबर द्या मला."

"आत्ता? आगं, आत्ता नगं. कंपनीचं कोन मोटं मानूस बोलंल की."

"आत्ताच. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून ऐकायच्या आधी."

त्यांनी नंबर सांगितला. सरांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं आणि ते माझ्यासमोर येऊन बसले. मी नंबर फिरवला. गडहिंग्लजच्या घरात रिंग वाजत राहिली, मग माणसांचा गलका ऐकू आला, आणि त्या बाईंचा आवाज आला.

"कोन बोलतंय?"

मी माझं नाव सांगितलं, विलास लोहारांची मुलगी असं सांगितलं, आणि मग मघाशी मी कोणाला आधी फोन केला तिथून बोलायला सुरुवात केली.